धार कोण लावतं?

आजीचा एक फोटो आहे. ती गॅलरीत बसून मटार सोलते आहे, डाव्या गालावर सकाळचा उजेड पडला आहे. ती गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो हवा होता, तेव्हा सगळ्यांचं याच फोटोवर एकमत झालं. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ 'रॉ' फाइल मी मावसभावाला पाठवली आणि आम्ही दोघांनी ती आपापल्या संगणकावर, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. त्याच्याकडे सुरकुती न सुरकुती मोजता येत होती, नऊवारीच्या काठाची वीण दिसत होती. माझ्याकडे तोच चेहरा मऊ, किंचित धुक्यातून पाहिल्यासारखा.

"तुझ्याकडे फोटो हललेला दिसतोय," तो म्हणाला.

"फाइल एकच आहे रे," मी म्हटलं.

दोन्ही प्रती आईला दाखवल्या. त्याची प्रत बराच वेळ पाहून ती म्हणाली, "एवढी म्हातारी कुठे दिसायची ती?"

एकच फाइल, तेच पिक्सेल, मग फरक कुठून आला? या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर चार वाक्यांत देता येतं आणि ते मी पुढे देणारच आहे. पण त्यामागची गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे. ती संगणकापाशी सुरू होत नाही, फोटोपाशीही नाही. ती डोळ्यापाशी सुरू होते.

डोळ्याची वजाबाकी

अर्न्स्ट माख हे नाव आपल्याला ध्वनीच्या वेगामुळे माहीत असतं. विमान 'माख २'ने उडतं तो हाच माख. १८६५ साली तो ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे प्राध्यापक होता आणि गोल फिरणाऱ्या तबकड्यांशी खेळत होता. तबकडीवर काळे-पांढरे आकार अशा बेताने कापलेले, की ती वेगाने फिरली की एक भाग सलग गडद दिसावा, एक भाग सलग उजळ, आणि दोहोंमध्ये उजेड हळूहळू वाढत जावा. मोजमाप केलं तर या चढणीच्या पायथ्याशी किंवा माथ्यावर वेगळं काही नाही. पण पाहणाऱ्याला पायथ्याशी एक काळसर रेघ दिसते आणि माथ्यावर एक चकचकीत रेघ. या रेघांना आज 'माख पट्टे' म्हणतात.

माखने काढलेला निष्कर्ष धाडसी होता. दृष्टिपटलावरचा प्रत्येक बिंदू आपल्यावर पडलेला उजेड जसाच्या तसा मेंदूला कळवत नाही, असं त्याने मांडलं. शेजारचे बिंदू एकमेकांना दाबत असतात. म्हणजे डोळा 'इथे किती उजेड आहे' यापेक्षा 'शेजारच्यापेक्षा इथे किती कमी-जास्त आहे' हे सांगतो. त्या वेळी हे सिद्ध करायला साधनं नव्हती. एका चेतातंतूतून जाणारे संदेश वेगळे करून मोजणं पुढच्या शतकातलं काम होतं.

ते काम एका विचित्र प्राण्याच्या मदतीने झालं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर घोड्याच्या नालेसारखं कवच असलेला 'हॉर्सशू क्रॅब' सापडतो. नावात खेकडा असला तरी तो कोळ्याच्या अधिक जवळचा. त्याच्या डोळ्यात शेकडो सुटी भिंगं असतात आणि प्रत्येकाचा चेतातंतू शास्त्रज्ञाला हाताळता येईल इतपत जाड. केफर हार्टलाइनने असा एक तंतू वेगळा काढला, त्याच्या भिंगावर उजेड टाकला आणि विजेचे ठोके मोजले. मग शेजारच्या भिंगांवरही उजेड टाकला. पहिल्याचे ठोके कमी झाले. शेजारी शेजाऱ्याला खरोखरच दाबत होता.

आता उजेड आणि सावली यांच्या सीमेवर काय होईल ते पाहा. उजेडात पण अगदी कडेला असलेल्या भिंगाला एका बाजूचे शेजारी अंधारात मिळतात. त्याला दाबणारे कमी, म्हणून ते जास्त जोरात ओरडतं. सावलीतल्या कडेच्या भिंगाला उजेडातले शेजारी दाबतात, म्हणून ते आणखी गप्प होतं. सीमेच्या एका बाजूला उजेड अधिक उजळ, दुसऱ्या बाजूला काळोख अधिक काळा. हार्टलाइनला १९६७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं ते दृष्टीवरच्या अशाच कामासाठी.

चित्रकारांना हे नोबेलच्या आधीपासून हाताने ठाऊक होतं. जॉर्ज सराचं १८८४ सालचं 'आस्निएर इथले स्नान करणारे' हे चित्र पाहा. मुलाच्या उजळ पाठीशेजारचं पाणी जरा जास्तच गडद आहे आणि सावलीतल्या अंगाशेजारचं पाणी उगाचच उजळलेलं. रंगवलेली ही किनार नीट पाहिल्याशिवाय जाणवत नाही; जाणवते ती आकृतींची ठसठशीत कड.

डबीतलं रसायन

फोटोग्राफीत हीच किनार आधी अपघाताने आली. फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवली की जिथे उजेड जास्त पडला आहे तिथलं रसायन लवकर थकतं आणि तिथे ब्रोमाइड साठतं. डबी सतत हलवत राहिलं तर सगळं मिसळून जातं. पण रसायन पातळ केलं आणि डबी कमी हलवली, तर सीमेवर एक छोटी देवाणघेवाण होते. कमी उजेडाच्या बाजूचं ताजं रसायन सीमा ओलांडून पलीकडे जातं आणि तिथली कड अधिक काळी करतं; उलट दिशेने ब्रोमाइड येतं आणि अलीकडची कड अधिक फिकी ठेवतं. नालेच्या खेकड्याच्या डोळ्यात चेतातंतू करतात ते इथे क्षार करतात. १८९१ साली पेटंट घेतलेलं 'रोडिनाल' हे डेव्हलपर खूप पातळ करून वापरण्याची चाल छायाचित्रकारांत टिकून राहिली, त्यामागे या किनारीचं मोठं आकर्षण होतं.

मग प्रश्न आला की 'शार्प' म्हणजे नेमकं काय? फिल्म बनवणाऱ्यांकडे एक सोपं माप होतं. एका मिलिमीटरमध्ये किती बारीक रेघा सुट्या दिसतात ते मोजायचं. ज्यात जास्त रेघा ती फिल्म शार्प. १९५२ साली कोडॅकच्या प्रयोगशाळेतल्या हिगिन्स आणि जोन्स यांनी दाखवलं की माणसांचा कौल या मापाशी जुळत नाही. जास्त रेघा सुट्या दाखवणारा फोटो लोकांना कमी शार्प वाटू शकतो आणि कमी तपशिलाचा फोटो जास्त शार्प. लोक रेघा मोजत नव्हते. एखाद्या सीमेवर काळ्याचं पांढरं किती झटकन होतं, याला ते शार्प म्हणत होते. या गुणाला 'ॲक्युटन्स' असं नाव मिळालं.

माझ्या मते हा या सगळ्या गोष्टीतला कळीचा क्षण आहे. तपशील आणि धार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे स्पष्ट झालं. तपशील असतो किंवा नसतो. धार लावता येते.

धूसर मुखवटा

धार मुद्दाम लावायची युक्ती तोपर्यंत सापडलेली होती आणि ती एक्स-रेवाल्यांनी शोधली होती. छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसं खूप काळी आणि हृदय-कणा खूप पांढरे येतात. कागदावर छापताना दोन्हींतला तपशील एकदम येत नाही. १९३०च्या सुमारास श्पीग्लर आणि युरिस यांनी जर्मन नियतकालिकात एक उपाय मांडला. मूळ निगेटिव्हची एक पॉझिटिव्ह प्रत काढायची, पण मुद्दाम धूसर आणि फिकी. मग मूळ आणि धूसर प्रत एकमेकांवर बसवून दोन्हींतून उजेड सोडायचा.

धूसर प्रतीत फक्त मोठे ढोबळ भाग असतात: इथे काळं, तिथे पांढरं. ती मूळ निगेटिव्हच्या बरोबर उलटी असल्यामुळे ढोबळ भाग एकमेकांना खोडतात आणि एकसारखे होत जातात. बारीक तपशील मात्र धूसर प्रतीत नसतोच, म्हणून तो खोडला जात नाही. आता हे जोडचित्र जास्त कॉन्ट्रास्टच्या कागदावर छापलं की तपशील उठून येतो आणि प्रत्येक सीमेवर काळी-पांढरी किनार तयार होते. या धूसर प्रतीचं नाव 'अनशार्प मास्क', म्हणजे धूसर मुखवटा. फोटो शार्प करणाऱ्या बटणाचं नाव 'अनशार्प' का, या कोड्याचं उत्तर हे आहे.

या युक्तीचा सगळ्यात सुंदर वापर ऑस्ट्रेलियात झाला. न्यू साउथ वेल्समधल्या सायडिंग स्प्रिंग इथल्या वेधशाळेत दुर्बिणींनी टिपलेल्या काचेच्या मोठ्या प्लेटा साठत होत्या. डेव्हिड मॅलिन हा मूळचा रसायनशास्त्राकडून आलेला माणूस १९७५ साली तिथे नोकरीला लागला. त्याने दीर्घिकांच्या प्लेटांचे धूसर मुखवटे काढले. धूसरपणासाठी वेगळं काही लागत नव्हतं. प्लेटेच्या काचेच्या जाडीतून विखुरलेला उजेड सोडला की मुखवटा आपोआप धूसर होई. दीर्घिकेचा भगभगीत गाभा दबला आणि त्याच्या उजेडात बुडालेल्या रचना दिसू लागल्या. १९८० साली मॅलिन आणि डेव्हिड कार्टर यांनी 'नेचर'मध्ये काही लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती प्रचंड मोठी कवचं असल्याचं जाहीर केलं. तोवर या दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे गुळगुळीत, घटनाशून्य गोळे असा समज होता. ती कवचं म्हणजे दुसरी दीर्घिका गिळल्याच्या खुणा, असं आज मानतात.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. मॅलिनने काहीही निर्माण केलं नाही. कवचं प्लेटेवर होतीच. चांदीच्या कणांत नोंदलेली होती, डोळ्याला आणि कागदाला ती पेलत नव्हती एवढंच. मुखवट्याने ती वर आणली. पण तोच मुखवटा जरा जास्त जोरात लावला, तर जिथे काही नाही तिथेही किनार उमटते. दाखवणं आणि घडवणं यांच्यामधली भिंत या तंत्रात फार पातळ आहे.

सहा आकडे

छपाईच्या धंद्यात हे काम पुढे यंत्राकडे गेलं. मोठ्या ड्रम स्कॅनरमध्ये फिरत्या नळकांड्यावर पारदर्शिका चिकटवत आणि ती बिंदू-बिंदू वाचत. त्याच जागेचा जरा मोठा, म्हणून धूसर, ठिपका दुसऱ्या छिद्रातून वाचायचा आणि विजेच्या मंडलात एकातून दुसरा वजा करायचा. काच नाही, रसायन नाही. शाई कागदात पसरून चित्र मवाळ होणार हे गृहीत धरून धार आधीच जरा जास्त लावली जाई.

१९९० साली टॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप बाजारात आलं आणि छापखान्यातली ही हत्यारं घराघरातल्या टेबलावर पोचली. सरकपट्ट्या तीनच: किती जोरात, किती रुंद किनार, आणि किती लहान फरक सोडून द्यायचे. आत काय होतं ते सहा आकड्यांत सांगता येतं. समजा एका ओळीतले पिक्सेल असे आहेत: १००, १००, १००, २००, २००, २००. मधोमध एक कड आहे. प्रत्येकाची दोन्ही शेजाऱ्यांशी सरासरी काढून ओळ धूसर करा: १००, १००, १३३, १६७, २००, २००. मुळातून हे वजा करा: ०, ०, उणे ३३, अधिक ३३, ०, ०. हा फरक मुळात मिळवा: १००, १००, ६७, २३३, २००, २००. मूळ दृश्यात ६७ही नव्हता आणि २३३ही नव्हता. पण आता कड शार्प दिसते. खेकड्याच्या डोळ्याने केली तीच वजाबाकी आपण त्याच्या आधीच करून ठेवली.

न विचारता

आता आजीच्या फोटोकडे परत येतो.

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाहीत. कोडॅकच्या ब्राइस बेयरला १९७६ साली मिळालेल्या पेटंटनुसार प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच गाळणी असते. निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरायचे. आपण पाहतो त्या रंगीत फोटोतले दोन तृतीयांश आकडे मोजलेले नसतात, अनुमानलेले असतात. शिवाय बारीक नक्षीवर खोटे रंग उमटू नयेत म्हणून अनेक कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे चित्र किंचित धूसर करणारी काच असते. कॅमेरा आधी मुद्दाम धूसर करतो आणि धार नंतर लावावी लागेल असं धरून चालतो.

'रॉ' फाइल म्हणजे हे अर्धवट आकडे. ती उघडणारं प्रत्येक सॉफ्टवेअर तिचा फोटो स्वतः बनवतं आणि पहिला फरक इथेच पडतो. अंदाज बांधायची रीत प्रत्येकाची वेगळी. दुसरा फरक धारेचा. ॲडोबीच्या लाइटरूममध्ये रॉ फाइल उघडताच सरकपट्टी शून्यावर नसते. ती बरीच वर्षं २५वर असायची, २०१८ साली ४०वर गेली. कॅमेरा बनवणाऱ्यांची स्वतःची सॉफ्टवेअरं कॅमेऱ्यातल्या सेटिंगप्रमाणे धार लावतात. उलट डेव्ह कॉफिनचं १९९७ सालचं 'डीसीरॉ' अजिबात धार लावत नाही. त्यातून निघालेला फोटो पाहून नवखा माणूस आपल्या लेन्सलाच दोष देतो.

तिसरा फरक फोटो लहान करण्याचा. सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो दीड हजारांच्या खिडकीत बसवायचा, तर चारांचा एक कसा करायचा? काही प्रोग्रॅम जवळचा एक पिक्सेल उचलतात. कडा करवतीसारख्या दिसतात, पण तिखट. काही साधी सरासरी घेतात, सगळं मऊ. १९८१ साली रॉबर्ट कीज यांनी मांडलेल्या 'बायक्युबिक' रीतीत आणि लांचोश या हंगेरियन गणितज्ञाच्या नावाच्या रीतीत काही शेजाऱ्यांना उणे वजन दिलेलं असतं. उणे वजन म्हणजे दाबणारा शेजारी. तोच माख, तोच खेकडा. त्यामुळे 'लहान करा' एवढंच सांगितलं तरी धार फुकटात लागते.

ती किती लागावी याला गणितात एकमेव उत्तर नाही. १९८८ साली बेल लॅब्समधल्या डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावळी यांनी धूसरपणा, करवती कडा आणि कडेभोवतीची खोटी किनार यांतली तडजोड कुठे करावी यासाठी चक्क माणसांना चित्रं दाखवून कौल घेतला. त्यातून निवडलेला त्यांचा सूत्रसंच आजही अनेक प्रोग्रॅममध्ये आहे. नेत्रावळी १९६७ साली आयआयटी मुंबईतून बाहेर पडले आणि पुढे बेल लॅब्सचे अध्यक्ष झाले. आपल्या पडद्यावरच्या कित्येक फोटोंची धार या दोघांच्या प्रेक्षकांच्या आवडीने ठरली आहे.

चौथा फरक सगळ्यात बाळबोध. हल्लीच्या दाट पिक्सेलच्या पडद्यावर एक प्रोग्रॅम फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एकाच पिक्सेलवर ठेवतो. दुसरा प्रोग्रॅम जुना असेल तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याची अख्खी खिडकी ताणून मोठी करते. दोघेही '१००%' असंच लिहितात. मावसभाऊ आणि मी यांच्यात हे चारही फरक होते.

रेघ कुठे आहे?

घरच्या फोटोपुरतं हे सगळं आवडीनिवडीचं आहे. पण ज्या एक्स-रेपासून धूसर मुखवटा सुरू झाला तिथे ते आवडीचं राहत नाही.

मानेच्या दुसऱ्या मणक्याला दातासारखा एक उंचवटा असतो. एक्स-रेमध्ये त्याच्यावर दुसऱ्या हाडाची कड आली की तिथे एक काळी रेघ दिसते, हाड मोडल्यासारखी. पुष्कळदा तो माख पट्टा असतो. रेडिओलॉजीच्या विद्यार्थ्यांना त्यावरची तपासणी शिकवतात: शेजारचा उजळ भाग कागदाने झाका. रेघ नाहीशी झाली तर ती डोळ्यात होती. राहिली तर हाडात असण्याची शक्यता आहे.

डिजिटल एक्स-रेमध्ये तिसरी शक्यता आली. खुब्याच्या सांध्यात धातूचं रोपण असेल आणि मशीनने धार जास्त लावली असेल, तर धातूच्या कडेने एक काळी किनार उमटते. रोपण सैल होऊन हाडापासून सुटू लागलं की अगदी तशीच किनार दिसते. जर्मन शब्द उचलून तिला 'उबरश्विंगर' म्हणतात: मर्यादा ओलांडून पुढे गेलेलं. कागद झाकून ही रेघ जात नाही, कारण ती डोळ्यात नाही, फाइलमध्ये आहे. हाडातही नाही. तिच्यासाठी मूळ आकडे परत काढून, धार न लावता पाहावे लागतात. ती खरी मानली तर माणसाला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागू शकतं.

आता चौथी शक्यता दाराशी आहे. अलीकडची एआय सॉफ्टवेअरं सहा आकड्यांची वजाबाकी करत नाहीत. लाखो इतर फोटो पाहून 'इथे असं असायला हवं' असा तपशीलच ती भरतात. मुखवटा निदान याच चित्रातल्या कडा फुगवत होता. इथे कडा दुसऱ्यांच्या चित्रांतून येतात. २०२४ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायालयाने एका खून-खटल्यात एआयने 'सुधारलेली' मोबाइल-चित्रफीत पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. हिगिन्स आणि जोन्स यांनी तपशील आणि धार वेगळे केले, त्याला सत्तर वर्षं झाली होती. आता तपशीलही लावता येतो.

शेवटी भिंतीवर कोणता फोटो लागला? दोन्हीही नाही. धार शून्यावर नेऊन मी पुन्हा थोडी थोडी वाढवत गेलो आणि आई शेजारी बसली. "थांब," ती एका जागी म्हणाली. सरकपट्टीवर तिथे १५ होते. ते १५ बरोबर आहेत असं माखही म्हणणार नाही आणि नेत्रावळीही म्हणणार नाहीत. तिच्या डोळ्यांना मोतीबिंदू आहे, हेही मला माहीत आहे. पण आजीला साठ वर्षं जवळून पाहिलेलं दुसरं कुणी आमच्याकडे आता नाही. मूळ रॉ फाइल मी वेगळी ठेवली आहे, काहीही न करता.